पन्हाळ्याचा हिशेब : सगळे गड जिंकूनही साम्राज्य का टिकले नाही?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती. तीन दरवाजा, सज्जाकोठी पाहून आम्ही अंबरखान्यापाशी आलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची कोठारे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचे, असे सांगतात. मुले आत शिरून हाका मारत होती, घुमणारा आवाज ऐकून हसत होती. मी त्यांना सांगितले की १७०१ मध्ये खुद्द औरंगजेब बादशहा या गडाला वेढा घालून बसला होता. तेव्हा नववीतला एक मुलगा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "टीचर, औरंगजेब शेवटी हरला ना? मग आपण हरलो का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आजूबाजूला इतर पर्यटक होते आणि खरे सांगायचे तर मीही थोडी बिचकले. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात काय झाले, हे त्या मुलाने आपल्या गल्लीत पाहिले आहे. दगडफेक, बंद दुकाने, बंद इंटरनेट. त्याच्या वयाच्या मुलांना हे नाव एका बाजूने शिवीसारखे ऐकू येते आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी ते छातीवर बिल्ल्यासारखे लावायला सांगते. त्याच्या प्रश्नातला "आपण" हा शब्द या दोन्हींमधून आला होता.

घरी आल्यावर मी त्याला द्यायचे उत्तर लिहायला बसले. त्याचाच हा लेख. मला वाटते, या प्रश्नाकडे धर्माच्या अंगाने जाण्याआधी एकदा हिशेबाच्या अंगाने जावे. त्या काळच्या जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्यांपैकी एक सैन्य पंचवीस वर्षे दख्खनमध्ये लढले. त्याने गडामागून गड घेतले. तरीही त्याच पंचवीस वर्षांत त्याचे साम्राज्य आतून पोखरले गेले. हे कसे झाले?

त्याला आधीच माहीत होते

दख्खन परवडत नाही, ही गोष्ट औरंगजेबाइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. बादशहा होण्याआधी तो दोनदा दख्खनचा सुभेदार होता. १६५२ मध्ये तो दुसऱ्यांदा आला तेव्हा दख्खनच्या मोगल सुभ्यांचा कागदावरचा महसूल ३ कोटी ६२ लाख रुपये होता आणि प्रत्यक्ष वसूल होत होता सुमारे १ कोटी. फौजेचा व कारभाराचा खर्च यातून भागत नव्हता. बाकीचा पैसा बाहेरच्या सुभ्यांतून मागवावा लागे. यावरून बापाशी, म्हणजे शाहजहानशी, त्याचा कटू पत्रव्यवहार झाला. दख्खन स्वतःचा खर्च भागवत नाही, ही तक्रार तेव्हा औरंगजेबाचीच होती.

इथे दोन शब्द समजून घेऊ. जमा म्हणजे कागदावर ठरलेली रक्कम आणि हासिल म्हणजे हातात आलेली रक्कम. जमा, वसूल, बाकी, तनखा, जहागीर हे शब्द मी उर्दूच्या तासाला शिकवते आणि मराठीच्या तासालाही. दोन्ही भाषांनी ते एकाच दफ्तरातून घेतले आहेत. जमा आणि हासिल यांतले अंतर ही दख्खनची जुनी दुखणी होती.

१६८१ मध्ये तोच माणूस बादशहा म्हणून दख्खनकडे निघाला. बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला गेलेला शहजादा अकबर हे तातडीचे कारण होते. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले आणि त्यांची हालहाल करून हत्या झाली. त्या क्रौर्याचे समर्थन करण्याचे कुणालाही कारण नाही, मुसलमानाला तर मुळीच नाही. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत गेले. नकाशा पाहिला तर मोगल साम्राज्य एवढे मोठे आधी कधीच नव्हते. त्या वर्षी कुणी विचारले असते, तर युद्ध संपले असेच उत्तर मिळाले असते.

पण बादशहा परत दिल्लीला गेला नाही. पुढची अठरा वर्षे तो इथेच राहिला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत वारला.

चालते शहर आणि त्याचे पोट

१६९५ मध्ये जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगलीला, आजच्या बागलकोट जिल्ह्यात, बादशहाच्या छावणीत आला होता. त्याने दिलेले आकडे असे : साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, अडीचशे बाजार आणि सगळे मिळून पाच लाख माणसे. हे ऐकीव आकडे आहेत, थोडे फुगवलेलेही असतील. निम्मे धरले तरी ते त्या काळच्या मोठ्या शहराएवढे होतात. फरक इतकाच की शहर काहीतरी पिकवते, विणते, विकते. छावणी फक्त खाते.

ही छावणी चार वर्षे भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. मंगळवेढ्याजवळच्या माचणूरला आजही तिथला किल्ला दिसतो. एवढ्या माणसा-जनावरांना धान्य पुरवणारे बंजाऱ्यांचे तांडे दूरदूरून यायचे आणि वाटेत मराठ्यांच्या तुकड्या ते लुटायच्या. धान्य आले नाही की भाव चढायचे. भाव चढले की शिपायाचा पगार पुरायचा नाही, आणि तो पगारही वेळेवर मिळत नव्हता. यदुनाथ सरकारांनी लिहिले आहे की शेवटच्या काळात फौजेचा पगार तीन-तीन वर्षे थकला होता. छावणीला खात्रीने पैसा येत होता तो बंगालमधून. तिथला दिवाण करतलबखान, ज्याला पुढे मुर्शिदकुलीखान म्हणू लागले, दरवर्षी सुमारे एक कोट रुपये दख्खनला पाठवायचा. म्हणजे आमच्या पन्हाळ्याच्या वेढ्याचा खर्च बंगालचा भातशेतकरी भरत होता.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

आता गडांचा हिशेब पाहू. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले आणि कारभार ताराबाईंच्या हाती आला. वय पंचविशीचे. औरंगजेब ऐंशी ओलांडलेला. त्याने ठरवले की एकेक गड स्वतः जाऊन घ्यायचा.

साताऱ्याला चार महिन्यांहून अधिक वेढा पडला. तटाखाली पेरलेला सुरुंग उलटा उडाला आणि त्यात मोगलांचीच सुमारे दोन हजार माणसे गेली. गड शेवटी वाटाघाटीने मिळाला. १७०१ च्या मार्चमध्ये बादशहा पन्हाळ्याला आला. मेअखेर गड मिळाला, तोही किल्लेदाराला पैसे देऊन. मग विशाळगड. हे नाव घेतले की जुलै २०२४ पासून आमच्या घरांत आधी गजापूरची आठवण निघते. पण १७०२ चा विशाळगडही विसरण्यासारखा नाही. सुमारे सहा महिने वेढा चालला. परशुरामपंत प्रतिनिधींनी दोन लाख रुपये घेऊन गड सोडला आणि आपली माणसे सुखरूप बाहेर काढली. बादशहा विजयी झाला आणि ऐन पावसात परत फिरला. विशाळगड ते पन्हाळा हे सुमारे तीस मैलांचे अंतर कापायला त्या फौजेला महिन्याहून अधिक दिवस लागले. ओढे फुगलेले, हत्ती चिखलात रुतलेले, तंबू भिजलेले. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणाऱ्या तरुणांना विचारा, त्या वाटेचा पाऊस काय असतो ते. आणि ते तर हत्ती-तोफांशिवाय जातात.

मराठीत म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गड घ्यायला लागलेला खर्च त्या गडाखालच्या मुलुखातून कितीतरी वर्षांत निघाला नसता. शिवाय बादशहाची मोठी फौज पुढच्या गडाकडे गेली की मागे थोडी शिबंदी राहायची. ती उपाशी, पगार थकलेली. मराठे परत यायचे आणि गड घ्यायचे. पन्हाळा असाच परत गेला. पुढे १७१० मध्ये ताराबाईंनी करवीरची वेगळी गादी उभी केली ती याच पन्हाळ्यावरून.

बचाव करणाऱ्याला काय लागत होते? कोठारात धान्य, टाक्यात पाणी, थोडी माणसे आणि पावसाळ्याची वाट पाहण्याचा धीर. अंबरखान्यात मुले हाका मारत होती, ती इमारत म्हणजेच या युद्धाचे अर्धे उत्तर आहे.

एक अनार, सौ बीमार

पण मोगलांचे खरे नुकसान वेढ्यांपेक्षा दफ्तरात झाले, असे मला वाटते.

मोगल सरदाराला, म्हणजे मनसबदाराला, सहसा रोख पगार मिळत नसे. त्याच्या दर्जाप्रमाणे त्याला जहागीर मिळे, म्हणजे अमुक परगण्याचा महसूल वसूल करायचा हक्क. त्यातून त्याने आपले घर आणि ठरलेले घोडेस्वार पोसायचे. ही सारी व्यवस्था एका वचनावर उभी होती. तू फौज घेऊन ये, मी तुला जमीन देतो.

दख्खनमध्ये बादशहाने गडच नव्हे, माणसेही विकत घेतली. विजापूर, गोवळकोंडा आणि मराठ्यांकडचे सरदार फोडायचे तर त्यांना मनसब द्यावी लागे. अथर अली यांनी एक हजार व त्यावरच्या मनसबदारांची यादी काढली आहे. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या पहिल्या वीस वर्षांत त्यांत मराठे होते २७. पुढच्या काळात, १६७९ ते १७०७ मध्ये, ते झाले ९६. हिंदू मनसबदारांची एकूण संख्या १०५ वरून १८२ झाली. ज्यांना हे युद्ध फक्त दोन धर्मांचे वाटते, त्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. आणि ज्यांना औरंगजेबाच्या उदारपणाचा पुरावा म्हणून हे आकडे सांगायला आवडतात, त्यांनीही थांबावे. १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवणारा बादशहा तोच होता. १७०४ मध्ये दख्खनमध्ये त्याला तो माफ करावा लागला, कारण युद्ध आणि दुष्काळ यांनी रयतेकडे काही उरलेच नव्हते. या मनसबी युद्धाच्या गरजेने दिलेल्या होत्या.

मनसबी वाढल्या, पण जहागिरीला द्यायची जमीन कुठे होती? उर्दूत म्हण आहे, एक अनार सौ बीमार. डाळिंब एक आणि आजारी शंभर. त्या काळच्या जहागिरीच्या टंचाईलाही हीच म्हण लावली गेली. मनसब मिळालेला सरदार जहागिरीची वाट पाहत वर्षे काढी. जहागीर मिळाली तरी तिथे हासिल नसे, कारण चौथ मराठे घेऊन गेलेले असत. मग तो घोडेस्वार कमी ठेवी, कागदावर पुरे दाखवी. वाटेत मराठ्यांशी आतून समझोता करून आपला परगणा वाचवी.

इतिहासकारांचे यावर एकमत नाही. सतीशचंद्र आणि अथर अली जहागिरीच्या टंचाईवर भर देतात. जॉन रिचर्ड्स यांनी गोवळकोंड्याच्या कारभाराचा अभ्यास करून म्हटले की जमीन होती, पण बादशहाने युद्धखर्चासाठी चांगले परगणे स्वतःच्या खालशात ठेवले. खजिनाही अगदी रिता झाला नव्हता. खाफीखान लिहितो की शाहजहानने आग्र्यात २४ कोटी साठवले होते आणि औरंगजेबानंतर तिथे ९ कोटी उरले होते, नजराण्याची मोठी नाणी धरली तर १३ कोटी.

मला हा तपशील फार बोलका वाटतो. आग्र्याच्या तळघरात ९ कोटी आणि दख्खनच्या छावणीत तीन वर्षे पगार नाही. म्हणजे नाणी होती, पण सरदार आणि शिपाई ज्या वचनावर जगत होते त्यावरचा भरवसा संपला होता. साम्राज्याची खरी पुंजी हा भरवसा असतो. तो एकदा गेला की तळघरातले सोने काही करू शकत नाही. ते पुढच्या पाच-सहा वर्षांत वारसांच्या भांडणांत आणि बक्षिसांत उडून गेले.

आपल्याकडे मौलवीसाहेबांच्या बयानांत एक गोष्ट नेहमी येते. बादशहा टोप्या शिवून, कुराणाच्या प्रती लिहून स्वतःचा खर्च भागवायचा. तो राहणीने साधा होता हे खरे. खुलताबादची त्याची उघडी कबर त्याची साक्ष देते. पण राजाची काटकसर आणि राज्याची काटकसर या वेगळ्या गोष्टी आहेत. टोपीचे चार पैसे वाचवणाऱ्याने एकेका गडावर लाखो रुपये घातले. घरातला साधेपणा धोरणातली चूक भरून काढत नाही.

रयतेचा कॉलम

मराठ्यांकडे खजिना नव्हताच. रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी जे युद्ध चालवले त्यात सरदाराने शत्रूच्या मुलुखातून आपला खर्च काढायचा होता. वतन आणि इनामाची आशा हाच पगार. हे स्वस्त होते आणि चिवट होते. पण ज्या मुलुखातून खर्च काढायचा, तिथेही शेतकरीच राहत होता. मोगल जहागीरदाराचा सारा आणि मराठ्यांची चौथ, दोन्ही त्याच्याच कणगीतून जात होते. मोगलांच्या चाकरीत असलेल्या भीमसेन सक्सेनाने या काळातली महागाई आणि दैन्य लिहून ठेवले आहे. सेतुमाधवराव पगडींनी ते मराठीत आणले. मनुची तर १७०२ ते १७०४ च्या दुष्काळात आणि साथीत दख्खनमध्ये वीस लाखांहून अधिक माणसे मेली असे लिहितो. आकड्यावर वाद घाला. मेलेल्यांची जात आणि धर्म मात्र कुणी लिहून ठेवलेला नाही.

आणि शेवटी काय मिळाले? १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. जी वाटणी द्यायची नाही म्हणून पंचवीस वर्षे लढाई केली, ती बादशहा वारल्यावर बारा वर्षांत त्याच्याच घराण्याने शिक्का मारून दिली.

हा हिशेब फक्त मोगलांना लागू होतो असे नाही. पन्नास वर्षांनी मराठे त्याच जागी उभे होते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज दिल्लीत पोहोचली तेव्हा पैशाची इतकी ओढ होती की दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवावे लागले. त्यातून नऊ लाखांच्या आसपास निघाले, ते महिनाभरही पुरले नाहीत. पानिपतावर तोफखाना होता इब्राहिमखान गारद्याचा. त्याच्या शिपायांचा पगार मात्र रोख द्यावा लागे. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहात इंग्रजांच्या तैनाती फौजेसाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. ज्याला स्वतःच्या फौजेचा पगार देता येत नाही, त्याला दुसऱ्याची फौज पोसावी लागते.

इंग्रजांनी हे गणित काही काळ सोडवले, कारण त्यांनी हिंदुस्थान जिंकायचा खर्च हिंदुस्थानच्याच महसुलातून केला. दादाभाई नौरोजींनी तो हिशेब जगापुढे मांडला. पण दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटनच हिंदुस्थानचे एक अब्जाहून अधिक पौंड देणे लागत होते. अलीकडचे पाहायचे तर अफगाणिस्तानात आधी रशिया दहा वर्षे राहिला, मग अमेरिका वीस वर्षे. दोघांच्याही शस्त्रांना तिथे तोड नव्हती. २०२४ मध्ये अमेरिकेने कर्जाच्या व्याजावर केलेला खर्च तिच्या संरक्षण खर्चाच्याही पुढे गेला. जिंकता येते का, हा प्रश्न बलाढ्यांना सहसा अडत नाही. जिंकलेले ठेवायला रोज किती लागते आणि ते कोण देणार, इथे ते अडतात.

त्या मुलाला

दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाला वर्गात बोलावून घेतले. फळ्यावर दोन कॉलम काढले, जमा आणि खर्च. वर सांगितलेले आकडे त्याच्याकडूनच लिहून घेतले. मग विचारले, "आता सांग, यात आपण कुठे आहोत?"

तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "टीचर, छावणीत तर आपण नसणार. आमचे दादा सांगतात, आमचे लोक पिढ्यानपिढ्या पिंजारी. कापूस पिंजायचे."

मी म्हटले, "मग कापसावरचा कर कोणत्या कॉलममध्ये येतो?"

त्याने खडू घेतला आणि जमेकडे बोट केले.

ज्या गादीने या युद्धातून जन्म घेतला, त्याच करवीरच्या गादीवर पुढे राजर्षी शाहू आले. त्यांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, राधानगरीचे धरण हाती घेतले, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यांच्याकडे साम्राज्य नव्हते, छोटे संस्थान होते. ते धरण अजून पाणी देते आणि ते बोर्डिंग दसरा चौकात अजून उभे आहे. मी मुलाला हेही सांगितले आणि पुढच्या सहलीला तिथे जायचे ठरले आहे.

त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी एवढेच दिले : औरंगजेब गड जिंकला आणि हिशेब हरला. त्यात तुझी हार नाही आणि तुझी जीतही नाही. तुझ्या पणजोबांच्या पणजोबांनी त्या युद्धाचा खर्च भरला, आणि तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पूर्वजांनीही भरला. उद्या कुणी तुला या नावावरून लढायला बोलावले, किंवा या नावावरून तुझ्याकडे बोट दाखवले, तर आधी हे दोन कॉलम आठव.